रात्री बाराची गिटार

संपादक महोदय,

शेजारच्या मुलाच्या गिटारला वैतागलेल्या आजोबांचं पत्र वाचलं. तो मुलगा मी नाही, पण माझेही शेजारी हेच म्हणत असणार! खरं तर इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जेमतेमच, बोंब मारतो तो अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा. त्याऐवजी मुठीत मावणारा हेडफोन अॅम्प मिळतो, व्हॉक्स कंपनीचा अॅमप्लग त्यातलाच, गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा, दोन ट्रिपल ए सेल टाकायचे आणि रात्री बारालाही बिनधास्त डिस्टॉर्शन (रॉकमधला तो खरखरीत, फाटका आवाज) वाजवायचं, बाजूला झोपलेल्या आईला फक्त तारांची टिकटिक ऐकू येते (ती म्हणते पाल चुकचुकतेय). हे काही आजचं खूळ नाही, बोस्टन बँडच्या टॉम शोल्झनं १९८२ मध्येच कमरेला लावायचा रॉकमन नावाचा असाच हेडफोन अॅम्प काढला होता.

फक्त हेडफोन वायरचे घ्या. मी दुकानदाराचं ऐकून ब्लूटूथचे घेतले आणि फसलो, तार आत्ता छेडायची अन् सूर मागनं येणार, ताल धरताच येईना.

आजोबांनी त्या मुलाला हे सुचवून बघावं. आणि हो, पायानं ठेका धरणं तेवढं बंद कर म्हणावं, खालच्या मजल्यावर तेच जास्त ऐकू जातं.

- एक वाचक, डोंबिवली