चित्र कापले, तरी फाइलमध्ये उरले

महोदय,

प्रबंध, दिवाळी अंकांचा मजकूर, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, कार्यालयांच्या सूचना हे सगळे आता वर्ड नाहीतर लिब्रेऑफिसच्या फाइलमधून फिरते. मजकूर मागवणाऱ्यांच्या नियमांत एक ओळ हमखास असते : ‘छायाचित्रे उत्तम दर्जाची असावीत, फाइल २ एमबीपेक्षा मोठी नसावी.’ एवढ्यावरून पाठवणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. तो चित्राचा कोपरा ओढून ते लहान करतो, नको तो भाग क्रॉप करतो, आणि बऱ्याचदा फाइलचे वजन होते तेवढेच राहते. असे का होते ते फाइलच्या पोटात डोकावले की दिसते.

डॉक्स फाइल, म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, ही खरे तर झिप फाइल (अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे) आहे. तिची एक प्रत काढावी, नावाच्या शेवटी असलेले ‘डॉक्स’ खोडून ‘झिप’ करावे आणि ती उघडावी. (विंडोजमध्ये नावाचा हा शेपटाकडचा भाग दिसत नसेल, तर तो ‘व्ह्यू’मधून आधी दिसता करावा लागतो.) आत ‘वर्ड’ फोल्डर, त्याच्या आत ‘मीडिया’ फोल्डर आणि त्यात इमेज१, इमेज२ अशा नावांनी सगळी चित्रे सापडतात. मजकूर असतो ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये (म्हणजे मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या खुणा साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल). तिथे चित्राच्या जागी फक्त एक ओळखक्रमांक असतो. त्या क्रमांकाचे चित्र कोणते, हे ‘रेल्स’ फोल्डरमधली दुसरी फाइल सांगते. क्रमांकाच्या आसपास ‘एक्स्टेंट’ म्हणून रुंदी आणि उंची लिहिलेली असते, ती ईएमयू नावाच्या एककात. १ सेंमी म्हणजे ३,६०,००० आणि १ इंच म्हणजे ९,१४,४०० ईएमयू. १६ सेंमी रुंद चित्राला ५७,६०,००० हा आकडा असतो. कोपरा ओढून चित्र ८ सेंमी केले की तो २८,८०,००० होतो. ओढण्याने बदलतो तो एवढाच आकडा, ‘मीडिया’तले चित्र आहे तसेच राहते (सेव्ह करताना वर्ड स्वतःहून पिक्सेल कमी करते ते वेगळे, त्याविषयी पुढे). लिब्रेऑफिसच्या ओडीटी फाइलची रचनाही अशीच, फक्त तिथे फोल्डरचे नाव ‘पिक्चर्स’ आणि मापे सरळ सेंटिमीटर किंवा इंचात.

क्रॉपचेही हेच, आणि तिथे प्रश्न फाइलच्या वजनापुरता उरत नाही. क्रॉप केल्यावर एक्सएमएलमध्ये ‘डावीकडून २५ टक्के दाखवू नको’ अशा अर्थाची नोंद होते (टक्क्याच्या हजाराव्या भागात, म्हणजे २५,०००). न दाखवलेला भाग फाइलमध्येच असतो. ओळखपत्राचा फक्त फोटो ठेवून खालचा क्रमांक क्रॉप केला, किंवा गुणपत्रिकेवरचे नाव कापले, तरी फाइल मिळालेला माणूस चित्रावर क्लिक करून क्रॉपच्या कडा मागे ओढू शकतो, आणि क्रमांक पुन्हा समोर. क्रमांकावर काळी पट्टी टाकली तर ती पट्टी म्हणजे वर ठेवलेली वेगळी आकृती. उचलली की खाली सगळे शाबूत. वर्डमध्ये यावर उपाय आहे. चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडावे, ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’वर खूण ठेवावी, ‘फक्त या चित्रासाठी’ची खूण काढावी आणि फाइल सेव्ह करावी. काळ्या पट्टीला मात्र हा उपाय चालत नाही. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे चित्र फाइलमध्ये घालण्याआधीच फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये कापावे, झाकायचे ते तिथेच झाकावे, नव्या नावाने सेव्ह करावे आणि तेच घालावे. कोणताही मार्ग धरला तरी शेवटी झिप उघडून ‘मीडिया’त काय उरले ते पाहावे. पीडीएफ केले म्हणजे लपवलेला भाग आपोआप गेला, असे धरून चालू नये.

आता दर्जाविषयी. ए४ कागद २१ सेंमी रुंद असतो. दोन्हीकडे अडीच सेंमी समास सोडला की १६ सेंमी, म्हणजे ६.३ इंच उरतात. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणून पूर्ण रुंदीच्या चित्राला सुमारे १,८९० पिक्सेल लागतात आणि ८ सेंमीच्या स्तंभाला ९४५. फोनमधल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४,००० पिक्सेल असतात, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. फाइल फुगते ती इथे. उलट व्हॉट्सअ‍ॅपवरून साधेपणाने आलेल्या फोटोची मोठी बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर आलेली असते. तो ८ सेंमीला छान छापतो, पण २१ सेंमीच्या मुखपृष्ठावर पसरला की इंचाला जेमतेम १९४ पिक्सेल उरतात. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ पिक्सेल शाबूत राहतात. चित्राच्या माहितीतला ७२ डीपीआय (इंचामागे ठिपके) हा आकडा खोडून तिथे ३०० लिहिल्याने काही होत नाही. ती नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल तेवढेच राहतात.

वर्डच्या एका सवयीकडे फार कमी जणांचे लक्ष असते. बऱ्याच आवृत्त्यांत सेव्ह करताना चित्रे इंचाला २२० पिक्सेलवर आणण्याची निवड आधीपासून चालू असते. ८ सेंमीला ठेवलेले चित्र असे उतरले की सुमारे ६९३ पिक्सेल उरतात, आणि नंतर मांडणी करणाऱ्याने ते १६ सेंमी केले तर इंचाला ११०. ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’ इथे ‘डू नॉट कॉम्प्रेस’वर खूण करावी, तीही पहिले चित्र घालण्याआधी. गेलेले पिक्सेल परत येत नाहीत.

मराठी फाइलींत वारंवार दिसणारा दोष वेगळाच आहे. देवनागरीच्या वरच्या-खालच्या मात्रांमुळे ओळी दूर दूर पडतात, म्हणून ओळींतले अंतर ‘एक्झॅक्टली’ करून पक्के बांधले जाते. मग ओळीत घातलेल्या चित्राची फक्त एक पट्टी दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. त्या परिच्छेदापुरते अंतर ‘सिंगल’ केले की चित्र पूर्ण दिसते.

लेटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून पाने मांडणारी प्रणाली) प्रबंध करणाऱ्यांनी चित्राला ‘स्केल’ देण्याऐवजी ओळीच्या रुंदीच्या हिशेबात ‘विड्थ’ द्यावी. चित्रात डीपीआयची नोंद नसेल तर पीडीएफलेटेक (लेटेकमधून पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम) ७२ धरते, आणि ४,००० पिक्सेलचा फोटो १४१ सेंमी रुंद होऊन पानाबाहेर जातो. रुंदी आणि उंची दोन्ही दिल्या तर चेहरे चपटे होऊ शकतात, एकच द्यावी. इथेही माप लहान केल्याने पीडीएफ हलकी होत नाही.

फोटो जेपीजीत ठीक, पण आलेख आणि नकाशे पीएनजीत द्यावेत. जास्त दाबलेल्या जेपीजीत अक्षरांच्या कडा फुटतात, आणि अनुस्वार व नुक्ता सगळ्यात आधी नाहीसे होतात. तक्त्याचे चित्र तर घालूच नये. त्यातला शब्द शोधता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर तिथे गप्प होतो. जे चित्र घालणे भागच आहे त्याला ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये एका ओळीचे वर्णन द्यावे.

म्हणून विद्यापीठे, प्रकाशक आणि अंकांचे संपादक यांना विनंती, की ‘उत्तम दर्जा’ऐवजी माप लिहावे : ‘पूर्ण रुंदीला १,८९० पिक्सेल, स्तंभाला ९४५, मूळ चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये, मजकुरात फक्त जागेची खूण.’ आणि ज्या कार्यालयांच्या संकेतस्थळांवर डॉक्स फाइली ठेवल्या जातात, तिथे फाइल चढवणाऱ्याने ‘मीडिया’ फोल्डर उघडून पाहिल्याशिवाय ती चढवू नये, असा नियम लगेच करता येईल. त्याला दोन मिनिटे लागतात.

– मुद्रणपूर्व मांडणीच्या कामातील एक वाचक, पुणे