टोपी उलटी नाहीये, तशीच आहे

प्रिय काकू,

तुम्ही फेसबुकवर नाही, त्यामुळे हे तुमची नातच वाचून दाखवेल. तिला म्हणा सावकाश वाच.

नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीत आमची चिऊ 31व्या आठवड्यातच आली, 1400 ग्रॅम. सिस्टर म्हणाल्या आता कांगारू केअर सुरू करू, बाळ उघडंच आईच्या छातीवर ठेवायचं, फक्त लंगोट, मोजे आणि टोपी, तेवढी टोपी आणा, एवढ्याशा जिवाच्या अंगात चरबी नसते आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं, बरीच ऊब तिथूनच जाते. हे दुकानं पालथी घालून आले, सगळीकडे साईझ 0 ते 3 महिने, ती चिऊच्या हनुवटीपर्यंत आली असती. एकाने तर "बाहुलीची बघा" म्हणून सांगितलं. आणि बारशाला स्वेटरचे सेट देणारे आमचे नातेवाईक, ते ग्रुपवर हात जोडून मोकळे!

तुमची माझी ओळख ती किती, जिन्यात भेटलो तर "काय गं, बरी ना?" बास. ह्यांनी खाली गाडी लावताना सहज सांगितलं तर तुम्ही एवढंच विचारलंत, डोक्याचा घेर किती? 28 सेंमी. तेवढा दोरा कापलात आणि घरातल्या एकेका डाळिंबाला गुंडाळून बघत बसलात, नेमकं त्या मापाचं एक सापडलं, मग त्याच्यावर चढवून बघत बघत एका रात्रीत टोपी तयार. 64 टाके, दोन सुलट दोन उलट, मऊ बेबी वूल, गोंडा नाही, लेस नाही, धुऊन वाळवून पिशवीत. वर ते डाळिंब सोलून दाणे डब्यात माझ्यासाठी.

पण मी रडले ते शिवणीवर. अख्ख्या बिल्डिंगला माहितीये तुमचं फिनिशिंग, स्वेटर उलटा करून दाखवता लोकांना, बघा आतून पण कळत नाही म्हणून. आणि चिऊच्या टोपीची शिवण तुम्ही बाहेर ठेवलीत, चांगली जाड, दिसणारी. ह्यांना म्हणालात, "वाईट दिसेल, पण तिची कातडी कागदासारखी असेल रे, टोचायला नको." चिऊला न बघता हे सुचलं तुम्हाला. आम्हाला रोज बघून नसतं सुचलं.

फोटो टाकला तर आत्याबाईंची पहिली कमेंट काय, "टोपी उलटी घातलीस का गं?" महिनाभर फोन नाही, पण शिवण बरोबर दिसली.

चिऊ आता आठ महिन्यांची झाली, साडेसहा किलो. ती टोपी आता तिच्या मुठीत जाते. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या अशा टोप्या कायम लागतात, द्या विणून. म्हणून सुया आणल्यात, 64 टाके घातले, चौथ्या ओळीत मोजले तर 61. तीन कुठे गळले देव जाणे. रविवारी चारला येतेय, चहा तुमच्याकडे, डाळिंब मी आणते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची