आभासी जगाच्या उंबरठ्यावर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आभासी जगांविषयी, म्हणजे संगणकावर उभारलेल्या आणि अनेकांना एकाच वेळी वावरता येणाऱ्या जगांविषयी, आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात तेथील भव्य प्रवेशद्वारे, कारंजी आणि उत्तुंग मनोरे यांचे वर्णन मोठ्या कौतुकाने केलेले आहे. ते कौतुक अस्थानी नाही. मात्र या भव्यतेचा नवागताच्या स्वागताशी फारसा संबंध नसतो, उलट पुष्कळदा ती स्वागताच्या आड येते, हे नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आगमनाची जागा म्हणजे तिच्या निर्मात्यांच्या कर्तबगारीचे प्रदर्शन नव्हे. ज्याला आपला अवतार, म्हणजे त्या जगात आपल्या वतीने वावरणारी आकृती, धड चालवताही येत नाही, अशा माणसाला पहिली दोन-तीन मिनिटे न गोंधळता काढता यावीत, एवढ्याचसाठी ती असते.

प्रथम, पाहुण्याला खरोखर काय दिसते ते पाहू. ज्या जगांमध्ये सारे दृश्य आयत्या वेळी सर्व्हरवरून उतरवले जाते, तेथे पोहोचल्याबरोबर दिसतात त्या करड्या भिंती आणि अर्धवट आकार. रंग आणि बारकावे मागाहून भरतात. प्रत्येक बाजूस 1024 पिक्सेल असलेले एक टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र), ते संकुचित केलेले नसल्यास, ग्राफिक्सच्या स्मृतीत सुमारे 4 मेगाबाइट जागा घेते; तेच 512 पिक्सेलचे केले तर 1 मेगाबाइटवर येते. उतरण्याच्या जागेभोवती असे पन्नास मोठे फलक लावले की केवळ फलकांचेच ओझे 200 मेगाबाइट होते, आणि साध्या संगणकावरून आलेल्या पाहुण्याला ते वाचता येण्याजोगे होईपर्यंत तो कंटाळून निघून गेलेला असतो. जो खर्च मनोऱ्यावर होतो, तो इथे काय ठेवायचे नाही हे ठरवण्यावर व्हायला हवा. मनोरा पन्नास पावलांवर असला तरी त्याचे काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट जागेच्या मापांची. पाहुणा सहसा आपल्या अवताराकडे मागून आणि किंचित वरून पाहत असतो. त्यामुळे पाठीशी लगेच भिंत असली किंवा छत खऱ्या घराच्या उंचीचे असले, तर दृश्य दाखवणारा आभासी कॅमेरा भिंतीपलीकडे जातो किंवा अवताराच्या डोक्याला चिकटतो, आणि नवख्या माणसाला आपण कोठे आहोत हेच उमगत नाही. म्हणून अनुभवी बांधणारे दारे आणि छते मुद्दाम वाढत्या मापाची करतात. सेकंड लाइफ या आभासी जगात तेथील जमिनीच्या मालकाला उतरण्याचा बिंदू आणि त्या क्षणी तोंड कोणत्या दिशेला असावे, हे दोन्ही ठरवता येते. या सोयीचा उपयोग पाहुण्याचे तोंड पुढल्या वाटेकडे करण्यासाठी व्हावा, जाहिरातीच्या फलकाकडे नव्हे. डोळ्यांवर बसणारा आभासी वास्तवाचा हेडसेट घालून येणाऱ्यांचा विचार तर अधिकच काळजीने करायला हवा. सरकत्या फलाटावरून किंवा तरंगत्या नौकेतून त्यांना आत आणण्याची कल्पना कागदावर रम्य दिसते. प्रत्यक्षात डोळ्यांना गती जाणवते, अंतर्कर्णाला ती जाणवत नाही, आणि पाहुण्याला मळमळू लागते. उतरताना पायाखालची जमीन स्थिर असावी हे बरे.

तथापि सर्वांत कठीण प्रश्न गर्दीचा आहे, आणि तो केवळ सजावटीने सुटत नाही. सेकंड लाइफ 2003 मध्ये खुले झाले. त्याच्या सुरुवातीच्या काळात टेलिपोर्ट करणाऱ्याला, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे क्षणात जाऊ पाहणाऱ्याला, इच्छित ठिकाणी थेट जाता येत नसे. टेलिहब नावाच्या ठरलेल्या थांब्यावर उतरून तेथून पुढे जावे लागे. परिणामी टेलिहबभोवतालच्या जमिनीला मागणी आली, दुकानांची दाटी झाली आणि ज्या ठिकाणी पाहुण्याला मोकळेपणाची सर्वाधिक गरज होती, नेमके तेच ठिकाण सर्वांत अडगळीचे आणि संथ झाले. 2005 च्या अखेरीस थेट टेलिपोर्टची सोय आली आणि ही सक्ती संपली. येणाऱ्या प्रत्येकाला एकाच बिंदूतून जायला लावले की त्या बिंदूचा बाजार होतो. म्हणून आगमनक्षेत्रात भाड्याने गाळे देण्याचा मोह बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी टाळावा.

गर्दीचा याहून वाईट परिणाम म्हणजे छळ. ज्या चौकात अनोळखी माणसे सतत येतात, तेथे त्यांना त्रास देण्यासाठीच थांबणारेही असतात. अल्टस्पेसव्हीआर या आभासी भेटीगाठींच्या सेवेने फेब्रुवारी 2022 मध्ये आपले कायम खुले असलेले सामाजिक चौक सुरक्षेच्या कारणावरून बंद केले, आणि त्याच महिन्यात फेसबुकची मालक कंपनी मेटाने होरायझन या आपल्या आभासी जगात अवतारांमध्ये सुमारे चार फुटांचे अंतर राखणारी मर्यादा आपोआप लागू केली. चौकच बंद करावेत असे मला वाटत नाही, कारण माणसांवाचून स्वागत कसले? पण उतरण्याची जागा आणि गप्पांची जागा एकच असू नये. या बाबतीत 1990 मध्ये सुरू झालेले, निव्वळ मजकुरावर चालणारे लॅम्डामू हे आभासी जग आजही विचार करायला लावते. तेथे पाहुणा गप्पांच्या दिवाणखान्यात थेट येत नसे. तो कोट ठेवण्याच्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत येई आणि दार उघडून बाहेर पडला की मग मंडळींत मिसळे. अंधार आणि कोंदटपणा आपण सोडून देऊ. एक आडोसा, एकच दार आणि ते केव्हा उघडायचे याचा अधिकार पाहुण्याच्या हाती, एवढे मात्र घेण्यासारखे आहे. त्या आडोशातही सर्वांना एकाच बिंदूवर न उतरवता काही मीटरच्या परिघात विखरून उतरवावे, म्हणजे कोणी कोणाच्या डोक्यावर येणार नाही.

शिकवण्याचा उत्साह हा आणखी एक दोष. पोहोचताक्षणी तीन-तीन सूचनापत्रे आपोआप समोर येतात, संगीत सुरू होते, आणि न विचारलेल्या वीस गोष्टी सांगितल्या जातात. चालणे, पाहणे, बोलणे आणि त्रास देणाऱ्याला गप्प करणे या चार गोष्टी आल्या की पहिल्या दिवसाचे काम भागते. त्यांपैकी शेवटची बहुतेक ठिकाणी सर्वांत उशिरा सांगितली जाते, ही मला गंभीर चूक वाटते. सूचना केवळ चित्रफलकावर कोरल्या तर पडदा-वाचक (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या अंध पाहुण्याच्या त्या कामाच्या नाहीत. त्याच सूचना साध्या मजकुराच्या रूपातही, आणि शक्य तितक्या भाषांत, मिळायला हव्यात.

मदतनीस नेमले असतील तर ते कोणत्या वेळी हजर असतात हे स्पष्ट लिहावे. कोणीच नसताना "आम्ही आपल्या सेवेस तत्पर आहोत" असे सांगणारा यांत्रिक अवतार उभा करण्यापेक्षा काही न सांगितलेले बरे.

आगमनक्षेत्राची परीक्षा बांधणाऱ्याने स्वतः करू नये, कारण त्याला सर्व वाटा पाठ असतात आणि त्याच्या संगणकावर सारे दृश्य आधीच साठलेले असते. त्या जगात कधीही न आलेल्या माणसाला साध्या संगणकावर बसवावे, त्याच्या मागे तोंड मिटून उभे राहावे, आणि तो कोठे अडतो ते टिपून घ्यावे. पुढल्या ठिकाणांकडे नेणारे दुवेही दर महिन्याला कोणीतरी स्वतः उघडून पाहावेत. बंद पडलेल्या जागांकडे नेणारे दरवाजे वर्षानुवर्षे तसेच राहिलेले दिसतात. आपल्या पुरवणीत यापुढे अशा जगांचा परिचय छापताना लेखकांनी नव्या खात्याने आत जाऊन पहिल्या पाच मिनिटांत काय घडले तेही लिहावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक