कातरलेला शिलिंग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पत्रात तू विचारलंस, १६९६ साली इंग्लंडात लोकांच्या हातात पैसा असून त्यांचे हाल कसे झाले. उत्तर नाण्याच्या काठावर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

जुना शिलिंग, म्हणजे १२ पेनींचं चांदीचं नाणं, हातोड्याने पाडलेला असायचा. चांदीचा पत्रा कापून चकती करायची, खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरून घाव घालायचा. चकती नीट गोल नसायची, छाप एका बाजूला सरकायचा आणि काठावर खूण काहीच नाही. नवं नाणंच वेडंवाकडं, मग कोणी थोडं कापलं तर कळणार कसं? वजन मात्र ठरलेलं: एका ट्रॉय पौंड (चांदी तोलायचं जुनं माप) चांदीचे ६२ शिलिंग, म्हणजे नाण्यामागे साधारण ६ ग्रॅम. कातरणारा मजबूत कातरीने कड काढायचा, कानशीने काठ घासायचा, ताजी चकाकी लपवायला नाणं मळवायचा. दर नाण्यामागे एकच ग्रॅम काढला तरी सहा नाण्यांत एका शिलिंगाची चांदी सुटते, आणि सहाही नाणी पुन्हा बाजारात! कातरण मुशीत वितळवून लगड केली की खपायची. कोणी कातरीच्या भानगडीत न पडता नाणी चामड्याच्या पिशवीत घालून खळखळवत बसायचे. पिशवीत चांदीची भुकटी उरायची. गुन्हा राजद्रोहाचा होता. पुरुषाला फाशी, बाईला जाळायचे. तरी धंदा थांबला नाही. १६९५ मध्ये सरकारी खजिन्यात आलेली नाणी तोलली, तर वजन जेमतेम निम्मं भरलं.

यंत्राची नाणी १६६० च्या दशकापासूनच निघत होती. घोड्यांनी फिरवलेल्या रुळांतून पत्रा एकसारखा व्हायचा, स्क्रूच्या दाबयंत्राखाली छाप बसायचा, काठावर खाचा. मोठ्या नाण्यांवर तर लॅटिन अक्षरं, ‘शोभा आणि रक्षण’ अशा अर्थाची. कड कापली की चोरी उघडी. पण ती बाजारात टिकेचनात. टांकसाळीच्या हिशेबाने एक औंस (ट्रॉय पौंडाचा बारावा भाग) चांदीचे ६२ पेनी होत, बाजारात १६९५ मध्ये ७७ पर्यंत मिळत. मग चांगलं नाणं कोण खर्च करणार? ते वितळायचं आणि परदेशी जायचं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही चांदी भरून हिंदुस्थानात येत होती, इथलं कापड घ्यायला.

शेवटी कातरलेली नाणी परत घेऊन यंत्राची नवी पाडायचं ठरलं. विल्यम लाउंड्स या खजिन्याच्या सचिवाने सुचवलं, नाण्यातली चांदी पाचव्या हिश्श्याने कमी करा. तत्त्वज्ञ जॉन लॉक अडला: वजन जुनंच हवं. लॉकचं चाललं. माझ्या मते लाउंड्सचंच बरोबर होतं, कारण बाजारभाव तसाच ठेवून जुन्या वजनाचं नाणं पाडणं म्हणजे ते वितळवायला आमंत्रणच.

खरा घाव तारखेचा बसला. ४ मे १६९६ पर्यंत कातरलेली नाणी करापोटी छापील किमतीला घेतली जात होती. ज्याला मोठा कर भरायचाय किंवा सरकारला कर्ज द्यायचंय, त्याने आपली सगळी घाण तिथे खपवली. मजुराला कुठला आलाय एवढा कर? त्याच्या हातातल्या शिलिंगाचं वजनावर मोल होऊ लागलं. नवी नाणी यायला वेळ, म्हणून मजुरी थकली, दुकानदार उधारीवर चालू लागले. (तुला आपली नोटबंदी आठवली असणार, मलाही आठवली.) न कातरलेल्या जुन्या नाण्यांना मधोमध भोक पाडून घ्यायचं, म्हणजे ती चालतील, असाही नियम होता. त्यात फ्रान्सशी युद्ध चालू, वर धान्य महाग. तिथे पेनीच्या पावाची किंमत तीच राहायची, पाव मात्र लहान व्हायचा.

सरकारचं नुकसान साधारण २७ लाख पौंडांचं (हा पैशातला पौंड, २० शिलिंगांचा). ते भरायला खिडक्यांवर कर आला: घरामागे २ शिलिंग, दहा खिडक्या झाल्या की ६, वीस झाल्या की १०. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या.

टांकसाळीवर देखरेखीला १६९६ मध्ये आयझॅक न्यूटन आला. नॉर्विच, यॉर्क, चेस्टर, ब्रिस्टल, एक्सेटर इथेही तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. काम झपाट्याने झालं, पण नवी चांदीही पुन्हा देशाबाहेर वाहू लागली आणि व्यवहार हळूहळू सोन्याच्या गिनीवर गेला.

कधी एखाद्या संग्रहालयात तसा जुना शिलिंग दिसला, तर राजाचा चेहरा नंतर बघ. आधी चेहऱ्याभोवती गोल असलेली अक्षरं वाच. बऱ्याच नाण्यांवर राजाचं नाव अर्धंच उरलेलं असतं.

तुझा,
मित्र