भात कमी पिकलं म्हणून शेतकरी आळशी कसा ठरतो?

मा. संपादक,

हल्ली पेपरात याद्या फार येतात. अमका तालुका हेक्टरी भाताच्या उत्पन्नात वर, तमका खाली, आणि बातमीच्या शेवटी कुणाचं तरी वाक्य असतंच की गोव्यातल्या शेतकऱ्याला आता कष्ट नकोत, सगळे टॅक्सी आणि गेस्ट हाऊसच्या मागे लागलेत. मी बरीच वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं आणि माझं माहेर तिसवाडीतल्या खाजनाच्या काठचं, त्यामुळे असं वाक्य वाचलं की मला राहवत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय, जागा असेल तर कृपया पूर्ण छापा.

कोण किती कार्यक्षम हे आकड्यांत मोजायचं शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात हाच प्रश्न फार पूर्वीच अगदी नीट विचारला गेलाय. १९५७ साली फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एक पद्धत मांडली. तेवढीच जमीन, तेवढंच बी, तेवढेच मजूर वापरून जास्तीत जास्त किती पीक निघू शकतं याची एक सीमा काढायची, तिला फ्रंटियर म्हणतात, आणि तुम्ही त्या सीमेच्या जितके खाली तितके तुम्ही कमी कार्यक्षम. कल्पना चांगली होती पण तिच्यात एक मोठी अडचण होती. एखाद्याला त्या वर्षी पाऊस अगदी वेळेवर मिळाला, किंवा त्याचं उत्पन्न लिहून घेताना आकडाच चुकला, की सीमा वर सरकते आणि बाकीचे सगळे काहीही न करता नालायक ठरतात. शेताला जे जे झालं ते सगळं शेतकऱ्याच्या नावावर जमा.

यावर १९७७ साली एग्नर, लव्हेल आणि पीटर श्मिट या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी उपाय काढला (त्याच वर्षी बेल्जियममधल्या म्यूसेन आणि व्हान डेन ब्रूक या दोघांनीही स्वतंत्रपणे तोच काढला). त्यांनी सांगितलं की सीमा आणि प्रत्यक्ष पीक यांच्यातल्या फरकाचे दोन तुकडे करा. एक तुकडा नशिबाचा, पाऊस, रोग, मोजणीतली चूक, जो कधी फायद्याचा कधी तोट्याचा, दोन्ही बाजूंना सारखा. दुसरा तुकडा खऱ्या ढिलाईचा, आणि तो फक्त एकाच बाजूला जाऊ शकतो, खाली, कारण ढिलाईमुळे कुणाचं पीक वाढत नाही. आता हे वेगळे करायचे कसे? तर फरकांचा आलेख काढून बघायचा. तो दोन्हीकडे सारखा पसरला असेल तर सगळा खेळ नशिबाचा, आणि खालच्या बाजूला शेपटी लांबली असेल तर तिथे ढिलाई आहे. कधी कधी शेपटी उलट्याच बाजूला निघते आणि मग हिशोब सांगतो की या डेटात ढिलाई शून्य. कुणाला ते आवडो न आवडो, उत्तर तसं येतं. मला या पद्धतीत सगळ्यात जास्त पटतं ते हे, की दोष द्यायच्या आधी आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचा वाटा बाजूला काढायचा.

आता हे आपल्या खाजनाला लावून बघा. खाजन म्हणजे नदीच्या भरती-ओहोटीतून बांध घालून मिळवलेली जमीन, पाणी आत-बाहेर सोडायला मानस, म्हणजे बांधातलं दार, आणि बांध फुटला की खारं पाणी थेट शेतात. एकदा खारं पाणी शिरलं की त्या वर्षीचं पीक तर जातंच, पुढच्या पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत जमीनही रुसून बसते. बांधाची देखभाल हे एकट्या शेतकऱ्याचं काम नव्हेच, ते पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघायची, आता कूळ संघटना आहेत, आणि शेजारच्यानं आपलं शेत पडीक टाकलं की त्याच्या बाजूचा बांध कोण बघणार? खेकडे बांधाला भोकं पाडतात, मासळीसाठी मानस जास्त वेळ उघडा ठेवला की आतलं भात जातं. वरच्या बाजूला सत्तरी, सांगे, काणकोणला गेलात तर तिथे गवे आणि रानडुकरं. आणि ऑक्टोबरात भात कापणीला आलेलं असताना जोराचा पाऊस लागला की अख्खं शेत आडवं होतं, मग हार्वेस्टर चिखलात चालत नाही आणि कापायला माणसं मिळत नाहीत. आता सांगा, यातलं किती त्या शेतकऱ्याच्या हातात होतं? खाजनात कोरगुट, म्हणजे जुनं गावठी भात, लावणारा आणि मोरड, म्हणजे उंचावरच्या, जमिनीत वेगळं बियाणं लावणारा हे एकाच यादीत कसे बसतात? कोरगुटाचं उत्पन्न सुधारित ज्योतीपेक्षा कमीच येतं, पण खारटपणा सोसतं म्हणून तर ते लावतात. तो शहाणपणा आहे, त्याला कमी कार्यक्षमता म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बरं एवढं करूनही एकेका शेतकऱ्याचा नंबर लावता येतो का? १९८२ साली श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेकट्या शेताची ढिलाई अंदाजण्याचं सूत्र दिलं आणि मग जगभर लोकांनी भराभर क्रमवाऱ्या लावायला सुरुवात केली. पण पुढे १९९६ साली श्मिट यांनीच होरेस यांच्याबरोबर तपासून दाखवलं की या अंदाजांना भरवशाचा पट्टा लावला, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते काढलं, तर तो बराच रुंद निघतो. त्यांच्या उदाहरणांत इंडोनेशियातली १७१ भातशेतं होती, सहा हंगामांचा डेटा. पट्टे एकमेकांवर इतके चढतात की वरचा खरंच वर आणि खालचा खरंच खाली हे ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांनी पद्धत काढली त्यांनीच तिची मर्यादा मोजून छापली, याचं मला फार मोल वाटतं. आणि आपल्याकडे मात्र एका वर्षाच्या साध्या सरासरीवरून पहिला-दुसरा-शेवटचा.

श्मिट यांचं दुसरं काम वेगळ्या विषयातलं, काळाप्रमाणे बदलणाऱ्या आकड्यांचं, पण मला दोन्ही कामांमागे एकच न्यायबुद्धी दिसते. साल-दरसाल वाढणारे कुठलेही दोन आकडे शेजारी ठेवले की ते जोडीनं चालल्यासारखे दिसतात. युल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९२६ सालीच दाखवलं होतं की इंग्लंडात चर्चमध्ये होणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्यूदर यांच्यात ०.९५ इतका सहसंबंध निघतो (१ म्हणजे अगदी पक्की जोडी), आणि अर्थातच त्याला काही अर्थ नाही. म्हणून आधी बघावं लागतं की आकडा एखाद्या रेषेभोवती फिरून परत रेषेवर येतो, की प्रत्येक धक्क्यानंतर कायमचा दुसरीकडेच निघून जातो. हे तपासायची डिकी-फुलर टेस्ट १९७९ची. तिच्यात सुरुवातीलाच धरून चालतात की आकडा परत येत नाही, आणि डेटानं जोरदार पुरावा दिला तरच ते मागे घेतात. १९८२ साली नेल्सन आणि प्लॉसर यांनी अमेरिकेच्या १४ आर्थिक मालिका, म्हणजे साल-दरसालच्या आकड्यांच्या रांगा, तपासल्या, त्यातली फक्त बेरोजगारीची तेवढी परत येणारी निघाली.

१९९२ साली क्वियाटकोव्स्की, फिलिप्स, श्मिट आणि शिन यांनी प्रश्न उलटा केला. आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या टेस्टला केपीएसएस म्हणतात. आधी धरायचं की आकडा रेषेवर परत येतो, आता पुरावा दुसऱ्या बाजूनं द्यायचा. त्याच १४ मालिकांवर ती लावली तेव्हा बऱ्याच मालिकांबाबत 'परत येतो' हे म्हणणं खोडता आलं नाही. म्हणजे तोच डेटा, पण पुरावा कुणी द्यायचा हे बदललं की निकाल बदलतो. दोन्ही टेस्टा लावून जिथे दोन्ही गप्प बसतात तिथे खरं उत्तर एवढंच की या आकड्यांवरून काही ठरत नाही, आणि तसंच लिहावं.

गोव्यात हे कशाला हवं म्हणाल तर खाण बघा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटींसह बंदी उठवली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाली आणि मार्चमध्ये काम पुन्हा थांबलं, मग २०२० मध्ये कोविड. डिचोली, सांगे, धारबांदोड्यात ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी, सगळ्यांचं काय झालं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आता राज्याचं उत्पन्न आपोआप जुन्या रेषेवर येईल की तो फटका कायमचा, यावर मदत किती आणि किती वर्षं द्यायची ते अवलंबून आहे. पण असे मोठे तडे मध्ये असले की दोन्ही टेस्टा एकाच बाजूला झुकतात, फटका कायमचाच आहे असं सांगायला लागतात, पेरॉन यांनी १९८९ साली डिकी-फुलरबद्दल हे दाखवलं आणि केपीएसएसही त्यातून सुटत नाही. तडे कुठे आहेत ते आधी सांगितल्याशिवाय वाढीची रेषा काढून 'गोवा सावरला' किंवा 'गोवा बुडाला' असं म्हणणाऱ्या लेखावर मी तरी विश्वास ठेवत नाही. वर्षाला एक आकडा असे पंचवीस-तीस आकडे, त्यात तीन-चार तडे, एवढ्यावर कुठलीच टेस्ट फार बोलू शकत नाही.

मग करायचं काय? आकडे नकोतच असं मी म्हणत नाही, उलट मला जास्त आकडे हवेत. १९८४ साली श्मिट आणि सिकल्स यांनी दाखवलं की तीच ती शेतं अनेक वर्षं पाहिली तर नशीब वर्षागणिक बदलतं आणि कायमचा फरक असेल तो मागे उरतो, त्यामुळे बरीच गृहीतकं सोडून देता येतात. आपल्या देशातही हे झालंय. इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेनं तेव्हाच्या आंध्रातल्या औरेपल्ली गावात शेतकऱ्यांचे वर्षानुवर्षं घेतलेले आकडे बॅटिस आणि कोएली यांनी १९९२ साली वापरले, तेही भातशेतकऱ्यांचेच. एका गावाच्या नोंदी नेटक्या ठेवल्या म्हणून आज जगभरच्या विद्यापीठांत त्या पेपरचा दाखला देतात. आपल्याकडे पीक कापणी प्रयोग होतात, जुन्या गोव्याला एला इथे आयसीएआरची, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, अर्थशास्त्र शिकणारी हुशार मुलं आहेत. दिवाडी, चोडण, जुवे इथली काही खाजनं आणि वरच्या तालुक्यांतली काही शेतं निवडून दरवर्षी तीच बघावीत, आणि उत्पन्नाबरोबर बांध फुटला का, खारं पाणी आलं का, गवे आले का, कापणीला पाऊस होता का, मजूर आणि मशीन कधी मिळालं, हे रकाने भरावेत. सरदाचं, म्हणजे पावसाळी पिकाचं वेगळं, वायंगणाचं, म्हणजे उन्हाळी पिकाचं वेगळं. नावं गाळून ते सगळ्यांना खुलं ठेवावं.

आणि तुम्हाला विनंती अशी की उत्पादनाची यादी छापाल तेव्हा ती किती वर्षांची, खाजन आणि मोरड वेगळं काढलंय का, आणि अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो, एवढ्या तीन गोष्टी यादीखाली द्या. कृषी खात्याकडून आल्या नसतील तर बातमीदारानं मागून घ्याव्यात, आणि नाहीच मिळाल्या तर तसं छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल