फटाक्यांच्या आधी

पुणे, पितृपक्षातला मंगळवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर एवढंच विचारलंस की पॉडकास्टसाठी आजींच्या पानशेतच्या पुराच्या आठवणी रेकॉर्ड करायला माइक कोणता घेऊ. मी तासभर बोलले आणि शेवटी "आई, दिवाळीत येतोय ना मी" म्हणून तू फोन ठेवलास. बाबा म्हणाले, पोराला एकच प्रश्न होता. खरं आहे. म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, हा त्यातला माझा स्वार्थ.

आधी आजींचं. मेंदूतली गुठळी लहानच होती. हात पूर्ववत हलतो, जेवण नीट आहे. सकाळी बोलणं स्वच्छ असतं, दिवे लागणीनंतर शब्द अडतात. काल किसणी मागायची होती तर "ती खरखरीत... ती दे" म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. डॉक्टरांचं म्हणणं, बोलत राहिल्या तर चांगलंच. तेव्हा रेकॉर्डिंगने त्यांना त्रास होईल ही तुझी भीती काढून टाक. काळजीचं कारण नाही. तू घाई कर असं मी म्हणत नाहीये.

पण दिवाळीत रेकॉर्डिंग होणार नाही. कारण निव्वळ तांत्रिक आहे. पंख्याची घरघर एकसारखी असते, तिचा नमुना घेऊन ती नंतर थोडी कमी करता येते. फटाका क्षणभर सगळ्या सुरांवर एकदम फुटतो. तो शब्दावर पडला की शब्दासकट काढावा लागतो. त्याआधी नवरात्रात कोपऱ्यावरचे कर्णे. पुण्यात त्यातल्या त्यात शांत पंधरवडा म्हणजे हाच, ना मांडव ना वरात. घटस्थापनेपर्यंत वेळ आहे. बघ बाबा.

आता माइक. महागडा घेऊ नकोस, वायरचा साधा कॉलर माइक पुरे. बिनवायरचा तुझ्याकडे आहे तो आणलास तर त्यातली आपोआप आवाज साफ करणारी सोय आणि आपोआप पातळी वरखाली करणारी सोय, दोन्ही बंद कर. पहिली म्हाताऱ्या माणसाच्या वाक्याचं शेपूट खाते. आजी वाक्य संपवताना आवाज खाली सोडतात, यंत्राला तो गोंगाट वाटतो. दुसरी त्या थांबल्या की रस्त्यावरचा आवाज उचलून वर आणते, मग प्रत्येक विरामात रिक्षा ऐकू येते.

माइक हनुवटीखाली एक वीत, मधोमध. पदराला लावू नकोस, पदर सारखा सरकतो. ब्लाउजच्या काठाला लाव, आणि वायरीचा एक छोटा फास करून कापडाला चिकटपट्टीने चिकटव, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माइकपर्यंत जात नाही. साडी सुती हवी. ती जांभळी नायलॉनची त्यांना आवडते, पण ती रेकॉर्डिंगमध्ये पाऊस पडल्यासारखी वाजते. मी आदल्या दिवशी काढून ठेवीन. बांगड्या काढायला सांगू नकोस, सांगणाऱ्याचं काही खरं नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर घडी केलेला टॉवेल टाक, बांगड्या त्यावर टेकतात. गळ्यातली पोत मात्र माइकवर आपटेल, ती तेवढी मागे सरकव.

खोली मधलीच. हॉल मोठा आणि उघडा, टाळी वाजवलीस तर परत येते. मधल्या खोलीत गाद्या आहेत, कपाट आहे. आजींच्या समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांग, कारण आवाज तिकडे जाऊन परत येतो. पाठीमागे टांगून फारसा उपयोग नाही, सगळे तिथेच टांगतात. पंखा बंद. ऑक्टोबरची उष्णता म्हणशील, म्हणूनच एका बैठकीला चाळीस मिनिटं. अमेरिकेत 2003 साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर स्टोरीकॉर्प्सने एक खोली उभी केली. दोन ओळखीची माणसं आत बसायची, एक विचारायचा, एक सांगायचा, चाळीस मिनिटं. ध्वनिमुद्रण काँग्रेसच्या ग्रंथालयात जमा होतं. त्या चाळीस मिनिटांत शहाणपण आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्याच्या पुढे माणूस आठवत नाही, उरकतो.

फ्रीज बंद कर आणि आपल्या घराची किल्ली त्यात ठेव. निघताना किल्ली शोधशील तेव्हा फ्रीज परत चालू करायची आठवण होईल.

वेळ सकाळी साडेनऊ. रक्तदाबाची गोळी, चहा झालेला हवा. कुकर मी आठलाच लावीन. शेजारी कोमट पाणी ठेव, गार नको, घसा आवळतो. कवळी नीट बसली आहे ना ते बघ, सैल असली की प्रत्येक "स" ला टिकटिक येते. तू त्यांच्या उजवीकडे बस, त्या कानाने बरं ऐकू येतं. कानातलं मशीन शिट्टी मारत असेल तर ते नीट बसलेलं नाही, ढकलून बसव. फोन विमान मोडवर, त्यांचाही. उशाखालचा तो जुना फोन आहेच, विसरू नकोस.

पातळी अशी ठेव की नेहमीच्या बोलण्यातलं सर्वात मोठं टोक उणे बारा डेसिबलच्या आसपास येईल. वर जागा मोकळी लागते, कारण नानांचं नाव निघालं की आजींचा आवाज एकदम चढतो, तू ऐकलायस. शून्यावर आपटून फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. फाइल वेव्ह, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. एका माइकचा तास साधारण 520 एमबी होतो. जागा वाचवायला एमपी3 मध्ये रेकॉर्ड करू नकोस, एमपी3 ऐकवायला असते, ठेवायला नाही. कार्ड त्याच रेकॉर्डरमध्ये फॉरमॅट कर, बॅटऱ्या नव्या घाल, आणि लाल दिवा थांबल्याशिवाय कार्ड उपसू नकोस, फाइल नीट बंद झाली नाही तर पुन्हा उघडत नाही. शेजारी फोनवर दुसरं रेकॉर्डिंग चालू असू दे. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय, कोण विचारतंय हे तू स्वतः बोल. शेवटी एक मिनिट कोणीही न बोलता खोलीची शांतता घे. संपादनात दोन वाक्यं जोडताना मध्ये निर्जीव भोक पडतं, तिथे ती भरता येते.

हे सगळं तुला ठाऊक आहे असं तू म्हणशील. ठाऊक आहेच. तुझा तो एसटीच्या कंडक्टरचा भाग मी तीनदा ऐकला. त्यांची बायको मागून "चहा घ्या" म्हणते ते तू कापलं नाहीस, ते मला फार आवडलं, मी बाबांना बोलावून ऐकवलं. पण अकराव्या मिनिटाला तुझं "हं, हं" नऊ वेळा आहे. मोजलं मी. बोलणाऱ्याला मान डोलवून हुंकार दे, तोंडाने नको. आणि ते थांबले की मनात सात अंक मोज. पहिलं वाक्य लोकांना सांगायचं असतं, खरं दुसरं वाक्य त्या सात अंकांनंतर येतं. तू तीनलाच पुढचा प्रश्न टाकतोस. रागावू नकोस. मास्तरीण झाले पुन्हा.

पानशेत धरण फुटलं त्या दिवसाबद्दल कसं विचारायचं ते मात्र ऐकच. "पुरात भीती वाटली का" असं विचारलंस तर "वाटली की" एवढंच मिळेल. त्या सकाळी चूल पेटली होती का, विचार. जुलैचा बुधवार, तारीख 12, साल 1961. काय शिजत होतं? पहिली बातमी कोणी आणली, तो काय ओरडला, नेमके शब्द कोणते? घरातून बाहेर पडताना हातात काय होतं? (आजींच्या हातात काय होतं ते मला माहीत आहे, मी सांगणार नाही.) परत आल्यावर पहिल्यांदा वास कशाचा आला? खडकवासला धरणही वाहून गेलं, शहराचं पिण्याचं पाणीच तिथून यायचं, मग पाणी कुठून भरलं, रांग किती? नंतर गोखलेनगरच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये उन्हाळा कसा काढला? हात, नाक, पाय यांच्याबद्दल विचार. मन आपोआप मागून येतं.

सुरुवातीला कागद देऊन नारायण पेठेतल्या वाड्याचा नकाशा काढायला लाव. दार कुठे, नळ कुठे, कोण कुठल्या खोलीत. हात चालू लागला की नावं सापडतात, सध्या तर हे फार उपयोगी पडेल. मात्र ऐकणाऱ्याला कागद दिसत नाही, तेव्हा त्या "हे इथे" म्हणाल्या की तू "म्हणजे जिन्याखाली का?" असं विचारून घे. ते पितळी तपेलं मांडीवर दे, वाजवू दे.

शब्द अडला तर सुचवू नकोस. हे फार अवघड आहे, घरात आम्हीही चुकतो. तू शब्द दिलास तर त्या तो घेतील, आणि मग तो त्यांचा राहणार नाही. तारीख चुकली, पाणी सकाळी आलं की दुपारी यात गोंधळ झाला, तर तिथे दुरुस्त करू नकोस. पानशेत सकाळी फुटलं आणि ते पाणी आल्यावर खडकवासला गेलं, हे तू तुझ्या निवेदनात सांग. एकदा माणसाला वाटलं की परीक्षा चालू आहे, की तो वर्तमानपत्रात वाचलेलं सांगायला लागतो. आणि तेच परत सांगायला लावू नकोस, "जरा नीट सांग ना" तर मुळीच नको. पहिल्या सांगण्यात जे असतं ते दुसऱ्यात नसतं. म्हणून तर मी स्वतः अजून लावला नाही रेकॉर्डर. सुनेला सांगतात ती गोष्ट मला पाठ आहे. नातवाला सांगतील ती वेगळी असेल.

रडल्या तर यंत्र चालू ठेव आणि हात धर. पुढचं विचारायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. बैठक तिथेच संपवू नकोस, शेवटी काहीतरी हलकं काढ, लग्नातला बँड काढ, तो खात्रीचा आहे.

"बंद कर" म्हणाल्या तर खरंच बंद कर, दिवा विझलेला दाखव. परवानगी कागदावर सही घेऊन आणि आवाजातही घे. कुठे लावणार, कोण ऐकणार, नंतर काढायला सांगता येईल, हे तीनही सांग. प्रसिद्ध करण्याआधी त्यांना ऐकव. नानांच्या प्रकरणातलं काही निघालं तर ते कापून वेगळं ठेव, पुसू नकोस. धाकट्या आत्याला विचारल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. मेलेल्या माणसाची मुलं जिवंत असतात.

नंतरचं थोडक्यात. तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. यंत्राने उतरवलंस तर आजींचं "व्हतं" ते "होतं" करून टाकतं, तपासून परत "व्हतं" कर. ऐंशी हर्ट्झखालची गुरगुर काप, गोंगाट फार साफ करू नकोस, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. श्वास काढू नकोस. मोनो भागाची पातळी उणे एकोणीस लफ्स (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप). मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पॉडकास्ट चढवला म्हणजे जपला असं नाही, ते दुकान आहे, कपाट नव्हे.

आजोबांची कॅसेट मी माळ्यावरून काढली. मागच्या दोन्ही खुंट्या आधी मोडल्या, म्हणजे चुकून कोणी त्यावर काही मुद्रित करू शकणार नाही. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवली, लगेच वाजवली नाही. आवाज ब्लँकेटमधून आल्यासारखा होता. हेडचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवत गेले, "स" आणि "श" सर्वात धारदार ऐकू येतात तिथे थांबले. आणि एकदम आजोबा. भाजीवाल्याशी भांडतायत. अकरा मिनिटं, पैकी सात भाजीवाला. कोणी मुद्दाम केलेलं नाही, तू लहानपणी बटण दाबलं होतंस. आजींनी ऐकलं आणि म्हणाल्या, "दुधी कडूच निघाला होता." बाकी काही नाही. आजोबांचं आपल्याकडे तेवढंच आहे, सोनू. त्यांनाही आपण "मे महिन्यात निवांत बसू" म्हणालो होतो.

हे लिहायचं नव्हतं. तुझी रजा, तुझं काम, तिकिटांचे दर, सगळं कळतं मला. दिवाळीला आलास तरी मी तुझ्यावर रागावणार नाही. गोधड्या उन्हात घालून ठेवल्यात एवढंच.

जेवण वेळेवर कर. बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. पाकीट बंद करताना आजींना विचारलं, सोनूला काय लिहू? म्हणाल्या, "त्याला सांग, पर्वतीवर नव्हे, चतुःशृंगीवर चढलो होतो आम्ही." छत्तीस वर्षं मी पर्वतीच ऐकत आलेय. नारायण पेठेतून चतुःशृंगी म्हणजे नदीच्या पलीकडे. मग त्या सकाळी त्या पलीकडे कुठे होत्या, आणि "आम्ही" म्हणजे कोण? गुठळीमुळे नाव चुकलं असेल, किंवा नसेल. मी विचारलं नाही. खोलीत पंखा चालू होता आणि रेकॉर्डर कपाटात.