बेंड पाईप बदलला, पण ट्युनिंगचं काय?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

जप्त केलेल्या कर्णकर्कश सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवतानाचे फोटो पेपरात येतात, कारवाई एकदम बरोबर, आमच्या कॉलनीतली म्हातारी माणसं रात्री त्या आवाजानं दचकून उठतात. पण सायलेन्सरच्या पुढे, थेट इंजिनाला जोडलेला जो बेंड पाईप असतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून लिहितोय.

मी माझ्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) रॉयल एनफील्ड हिमालयन मोटरसायकलचा (४११ सीसी) बेंड पाईप बदलला. गॅरेजवाला म्हणाला, ट्युनिंगची, म्हणजे नव्या पाईपाप्रमाणे पेट्रोलचं प्रमाण जुळवायची, गरज नाही भाऊ, ईसीयू (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) आपोआप ॲडजस्ट करतो. हे अर्धंच खरं आहे. एका लयीत साठनं चालवली तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सांगेल तसा ईसीयू पेट्रोल कमीजास्त करतो, वजनात १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, पण थ्रॉटल पूर्ण पिळला की तो सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीनं भरलेल्या मॅपप्रमाणे (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) पेट्रोल सोडतो आणि तो मॅप जुन्या पाईपसाठी बनवलेला. नवीन पाईप मोकळा, त्यामुळे इंजिनाच्या काही वेगांना (आरपीएम) हवा जास्त भरते आणि पेट्रोल कमी पडतं, यालाच लीन म्हणतात. खंबाटकी घाट चढताना गाडी चौथ्या गिअरला अडखळायला लागली, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. वर थांबून, इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढला तर त्याचा चिनीमातीचा भाग पांढराफटक, लीनचीच खूण.

त्यात जोडणी करताना जुनंच गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी चकती) परत बसवलेलं. पाईप इंजिनाला जोडतो तिथे, हेडपाशी, काजळीची बारीक रेघ दिसली तेव्हा कळलं. त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, मग ईसीयू उगाच आणखी पेट्रोल ओततो. म्हणजे सावकाश चालवली की जास्त पेट्रोल आणि पिळली की कमी, ॲव्हरेज ३० वरून २४ वर आलं ते यामुळेच.

मागचा सायलेन्सर तेवढा बदलला तर सहसा भागून जातं, पण बेंड पाईप बदलला तर गाडी डायनोवर (गाडी जागेवरच पळवून तपासायचं यंत्र) लावून एअर-फ्युएल रेशो, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, बघितलाच पाहिजे आणि तसा मॅप करून घेतला पाहिजे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हेच काम मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) बदलून होतं.

पण खरी गोम पुढेच आहे. माझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) त्या जुन्या बेंड पाईपातच होता, तो मला न सांगता गेला. कितीही ट्युनिंग करा, तो परत येत नाही. पीयूसी आयडलवर तपासतात, त्यामुळे घाटात गाडी काय ओकते ते तिथे दिसतच नाही. वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल केल्याचा दंड मालकाला, एकेका बदलामागे ५००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पाईप बसवणारा मोकळाच. मी जुना पाईप जपून ठेवला होता, नवीन गॅस्केट टाकून तोच परत बसवला.

आरटीओनं निदान एवढं करावं, पाईप विकणाऱ्यानं बिलावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे की नाही हे ठळक लिहिलंच पाहिजे असं बंधन घालावं.

आपला,
एक वाचक, सातारा